शिवणीला दुसरा हात

मे सरत आला की मी वडिलांची कॅनव्हासची पिशवी खुंटीवरून काढते. ती अडकवायची सायकल कधीच मोडीत गेली, आबाही गेले. मळवलीहून वलवणच्या बंगल्यांत माळीकामाला जाताना त्यांचं खुरपं, कात्री आणि भाकरी यातच असायची. आमच्या पावसातही ती भाकरी कधी भिजली नाही, कारण दरसाल ते पिशवीला मेण लावायचे.

रीत त्यांचीच. कोरड्या ब्रशने माती झाडायची, गार पाण्याच्या फडक्याने पुसायचं. साबण बिलकुल नाही. "साबनानं मेण जातं, मग ऱ्हाती नुसती गोणी," म्हणायचे. सावलीत वाळली की जवसाच्या तेलात मेण वितळवून चिंधीने चोळायचं. मेण मुरावं म्हणून ते पिशवी निखाऱ्यावर शेकायचे, मी लेकीचा हेअर ड्रायर फिरवते.

यंदा हे चाललेलं असतानाच लोणावळ्याला माझ्या घरी भाऊ आला. आबांच्या मागे मी त्याला हक्कसोड करून दिली होती. बहिणीने जमीन मागितली की माहेर तुटतं, असं आईसकट सगळ्यांनी बजावलं आणि साडीचोळीवर माझी बोळवण झाली. "माहेर तुजंच हाय, ताई," असं तेव्हा हाच म्हणाला होता. आता आमच्या भातखाचरात त्याचा बंगला उभा आहे, भाड्याने द्यायचा. गेल्या दिवाळीत चार दिवस येते म्हटलं, तर म्हणाला, "आत्ता नगं, बुकिंग हाय." कुणीही उपटसुंभाने पैसे भरून राहावं, मी मात्र नाही!

त्याने पिशवी उचलून पाहिली. "लय भारी दिसती. दे, बंगल्यात भिंतीला लावतो. आबांचं कायतरी तितं पायजे का न्हाई?"

"आबांचं खाचर होतं की तितं."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग हसून म्हणाला, "एवढ्याशा पिशवीवरनं भांडतीस व्हय?"

"भांडत न्हाई. देत न्हाई."

चहा न घेताच तो गेला. मला रडू आलं, त्यात संतापच जास्त होता. पाणी आधी शिवणीतून शिरतं, म्हणून डोळे पुसून तिथे मेणाचा दुसरा हात दिला. हक्कसोडीच्या वेळी सही कुठे करायची ते सगळ्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं. नाही म्हणता येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.