आमदारसाहेबांचं 'आपण'

निवडणूक हरलेला माणूस गुपचूप घरी बसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मजल्यावरचे माजी आमदार पाहिलेले नाहीत. मुलांनो, तुम्ही तिकडे टोरांटोत लिफ्टमध्ये शिरलात की फोनकडे बघता. इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती सोय नव्हती. दार उघडलं की समोर पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले, खांद्यावर टॉवेलची घडी टाकलेले तमिळ आमदारसाहेब हात जोडून उभे. खाली पोचेपर्यंत प्रत्येकाला विचारणार, "एनी कम्प्लेंट?" एकदा एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारलं. त्याने बिचाऱ्याने खरंच सांगितलं की गावाकडे बायको फोन उचलत नाही. आमदारसाहेबांनी तेही वहीत टिपून घेतलं.

आयुष्यात त्यांनी दोनदा पक्ष बदलला होता. "माझी वेष्टी पांढरीच राहिली, अम्मा, काठाला पक्षाचा रंग असतो, तो तेवढा बदलला," असं ते मला सांगत. इथे नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अप्पा, इथे सभाबिभा खलास." तेव्हापासून ते बिनकाठाची वेष्टी नेसू लागले. तरुणपणी हिंदीविरुद्ध मोर्चे काढलेले, त्यामुळे आमचा पठाण वॉचमन हिंदीत बोलला की ते नुसती मान हलवत आणि काम मात्र बरोबर होई. "मला समजतं," ते हळूच म्हणत, "पण मी कबूल करत नाही." माझ्याशी बोलत ते इंग्रजीत, भाषणासारखं, वाक्याच्या शेवटी टाळ्यांसाठी थोडं थांबून.

आमची लिफ्ट सारखी अडकायची. मॅनेजरला अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी 'वी रिक्वेस्ट यू' अशी सुरुवात वाचून दाखवली, तर आमदारसाहेब म्हणाले, "कुठलं वी? यात मॅनेजर आहे की नाही?"

मी म्हटलं, "इंग्रजीत वी एकच असतं."

"आमच्याकडे दोन आहेत. समोरच्याला धरून नाम्, त्याला वगळून नांगळ्."

"आमच्याकडेही आहेत," मी म्हटलं. "आपण आणि आम्ही."

त्यांनी दोन्ही शब्द वहीत टिपून घेतले. मग म्हणाले, "एकाच वीवर ही इंग्रज माणसं निवडणुका कशा लढवतात?"

त्या दिवशी त्यांनी मला आपल्या हरण्याची गोष्ट सांगितली, तीही दुसऱ्या कुणाची सांगावी तशी. त्यांच्या गावच्या ओढ्यावर पूल नव्हता. गावाने दगड वाहिले, यांनी सरकारकडून सिमेंट आणलं आणि पूल झाला. 'आपण बांधू, आपण बांधला' म्हणत ते दोनदा निवडून आले. तिसऱ्या वेळी त्याच पुलापाशी सभा होती. थकलेले होते, हारही जरा जास्तच पडले होते. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "हा पूल आम्ही तुम्हाला दिला." पुढे बसलेली एक फुलवाली म्हातारी उठली आणि म्हणाली, "मग दगड वाहिले ते कुणी, अय्या?" सगळी सभा हसली. "मतं नंतर पडली, अम्मा. मी त्या हसण्यातच पडलो." त्यानंतर ते गावात गेलेच नाहीत, मुलीकडे आले.

यंदा गावाहून फोन आला. पूल रुंद केला आहे, या, दोन शब्द बोला. आठवडाभर त्यांची बॅग कपाटावरून खाली येत होती आणि परत वर जात होती. भाषण चार पानांचं होतं, ते दोन ओळींवर आलं आणि तिथे अडलं. रोज संध्याकाळी लॉबीतल्या सोफ्यावर मला विचारत, "इतकी वर्षं मी तिथे नाही. आता आपण म्हणायचा मला हक्क आहे का? आणि आम्ही म्हटलं तर पुन्हा हसतील."

शेवटी मी म्हटलं, "तुम्ही नुसते जाऊन उभे राहा. ते काय म्हणतात ते आधी ऐका."

ते गेले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. माइक हातात दिला, तर त्यांनी तो टेबलावरच ठेवला म्हणे. हात जोडून नुसते उभे राहिले. ती म्हातारी अजून आहे, आता दिसत नाही तिला. कोण आलंय ते शेजारणीने कानात सांगितलं तेव्हा ती जागेवरूनच ओरडली, "आधी आपला पूल बघून या, अय्या. भाषण मग."

"आपला म्हणाली?" मी विचारलं.

"आपला," ते म्हणाले. या वेळी टाळ्यांसाठी थांबले नाहीत, लगेच पूल किती रुंद झालाय ते सांगू लागले. ते आता तिकडेच राहणार आहेत. लिफ्ट अजून अडकते, फक्त अडकल्यावर तक्रार विचारायला आत कुणी नसतं.

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, वी आर गोइंग टू द लेक दिस समर." फोन ठेवल्यावर मी ते वाक्य मनात मराठीत करायला बसले आणि पहिल्याच शब्दाशी अडले. पुढच्या वेळी तेवढं एक वाक्य मला मराठीत सांगाल का?