रजियाखालाचे शिवशिवणारे तळपाय

मी शाळेला निघताना शेजारची रजियाखाला शिंकली, की मला तिच्या ओट्यावर बसून पेलाभर पाणी प्यावं लागे. लातूरला आमची भिंत एकच. पलीकडे तिचं शिलाई मशीन, अलीकडे माझी विज्ञानाची पुस्तकं. आठवीला श्वसन शिकवणारी मी, नाकात धूळ गेली की शिंक येते हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी मुकाट बसायची. उशीर झाला की मुख्याध्यापकांना बस चुकली म्हणून सांगायची, आणि शाळा तर चालत दहा मिनिटांवर.

खालाच्या अंगाचा कोपरान् कोपरा तिला काहीतरी कळवत असे. उचकी लागली की नांदेडची लेक आठवण काढतेय. जीभ चावली की कुणीतरी शिव्या देतंय, बहुतेक नणंदच. मी छातीखालच्या पडद्याला झटके बसतात वगैरे समजावलं, की ती शांतपणे ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "हाव, पण त्या पडद्याला हलवून कोन राहिलं, ते सांग की टीचर." पुढचं पुस्तकात नव्हतं.

एकदा माझा उजवा डोळा फडफडू लागला. पेपर तपासून झोप नव्हती, वर दिवसाला सहा कप चहा. पण बाईचा उजवा डोळा म्हणजे वाईट, म्हणून खालानं थुंकी लावून लाल दोऱ्याचा तुकडा माझ्या पापणीवर चिकटवला. मी विसरले. आठवी 'ब'ला स्नायूंचा तास घेतला, झकास घेतला, पोरं एकटक माझ्याकडे बघत होती. ती काय बघत होती, ते स्टाफरूमच्या आरशात कळलं. चार दिवस मी खालाशी अबोला धरला. पाचव्या दिवशी ती शिंकली आणि मी गुपचूप जाऊन बसले.

मग तिचे तळपाय शिवशिवायला लागले. तळपाय शिवशिवले म्हणजे प्रवास, आणि तिकडे नांदेडला लेक पोटुशी. खालानं पिशवी भरून दारामागे ठेवली. दोन महिने झाले, बोलावणं येईना आणि शिवशिव थांबेना. एके दिवशी मला तिच्या फरशीवर रक्ताची पावलं दिसली. तळव्यात मशीनची तुटकी सुई रुतली होती आणि हिला पत्ताच नव्हता. साखर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात, पाय गमावायची वेळ येते, असं हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, "अंगानं प्रवासाला सांगितलंय. दवाखान्याचं कुठं बोललंय?"

मी अशी चिडले! पण चिडून पाय वाचणार नव्हता. शेवटी मी तिच्याच शाळेत नाव घातलं. म्हटलं, खाला, निघाल्याशिवाय प्रवास कसा घडेल? उचला पिशवी, बसा रिक्षात. ती खरंच पिशवी घेऊन निघाली, दारात थांबून शिंक येते का ते पाहिलं, आणि मी, विज्ञानाची बाई, येऊ नये म्हणून देवाचा धावा करत होते. शिंक आली नाही. रिक्षा थेट दवाखान्यात नेली. रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी मलाच झापलं, इतके दिवस झोपला होतात का म्हणून. गोळ्या, पट्ट्या, चपलेशिवाय पाऊल नाही, चहा बिनसाखरेचा. जखम हळूहळू भरली, पाय वाचला. आणि खाला गल्लीभर सांगत सुटली, तळवे खोटं बोलत न्हाईत, प्रवास घडला की न्हाई?

खरा प्रवासही मागोमाग आलाच. नात झाली आणि लेकीनं तिला कायमचं बोलावून घेतलं. म्हणजे पाय बरा करून मीच तिला घालवली की! स्टँडवर नांदेडची गाडी लागली, खाला खिडकीशी बसली, आणि सांगायला लाजत नाही, मी पदराआड तपकिरीची चिमूट ओढली. सणसणीत शिंकले. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. वाटलं, आता उतरेल, निदान पेलाभर पाणी पिईपर्यंत तरी थांबेल.

खालानं माझ्या नाकाकडे पाहिलं आणि खिडकीतून रुमाल पुढे केला.

"तपकीर लागलीय, पूस. ही तुझ्या विज्ञानाची शिंक हाय, टीचर. ही आम्ही धरत न्हाई."

गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर सुटली.