नवरंगाला घेऊन बारवीला

बदलापूरहून बारवी धरणाला जायचं आमचं चार वर्षं नुसतं ठरत होतं. शेवटी नेलं एका पक्ष्याने, तेही चपलांच्या खोक्यातून.

मे महिन्याच्या अखेरीस, सकाळी, कात्रपच्या आमच्या पाचव्या मजल्याच्या काचेवर नवरंग आपटला. हिरवी पाठ, पंखावर निळा डाग, आखूड शेपटीखाली लाल. पावसाआधी घरटं करायला हे दक्षिणेकडून रात्री उडत येतात आणि आमच्या इमारतींना धडकतात. पक्ष्यांतली जाणकार मैत्रीण फोनवर म्हणाली, अंधाऱ्या खोक्यात शांत ठेव, पाणीबिणी पाजू नकोस, सावध झाला की झाडीत सोड. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. एवढ्या लांबून आलेल्याला उपाशी ठेवायचं? त्या वरणभात कालवून तयार! मी चक्क भांडले.

दुपारी रिक्षा केली, जाऊन-येऊन पाचशे. मुळगाव सुटलं की सावली लागते. हॉर्न वाजवू नका म्हटल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, अंदर बच्चा है क्या?" सासूबाई हो म्हणाल्या. पुढे खोक्यातली खुडबुड थांबली आणि मी खोक्याला कान लावला.

धरणाच्या अलीकडे यमुनाबाई जांभळं विकत होत्या. तीस रुपयांना भरलेला द्रोण, घ्याच. फक्त पांढरे कपडे नकोत. आमची गोष्ट ऐकून त्या उठल्या आणि मागच्या ऐनाच्या झाडाखाली घेऊन गेल्या. भाताच्या रोपांची जागा भाजायला इथले लोक रानातला पाला नेतात, पण या झाडाखाली घोटाभर पडून होता.

"हे त्याचं ताट हाय," त्या म्हणाल्या. "पाला उलथून किडं खातो. इथला आम्ही उचलत नाय."

खोकं उघडलं. तो हललाच नाही. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मग टुणकन उतरला आणि उड्या मारत पाल्यात दिसेनासा झाला. उडाला मात्र नाही. अर्धा तास थांबलो, मग अंधार पडायच्या आत निघावं लागलं. यमुनाबाईंचा नंबर घेतला. तुम्ही गेलात तर रस्ता सोडून आत घुसू नका, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. ही घरटी करायची वेळ असते.

घरी तीन दिवस आम्ही दोघी त्याचं नावही काढत नव्हतो. वाटायचं, नेला असेल मांजराने.

चौथ्या दिवशी फोन आला. यमुनाबाई सांगत होत्या, ऐनाच्या वरच्या फांदीवर बसून सकाळपासून एक नवरंग शीळ घालतोय, तुमचाच असं काय मी सांगत नाय. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"जेवतोय ना नीट?"