काढून टाकलेलं चौथं प्रकरण

मध्ययुगातल्या चिलखती घोडेस्वाराला क्रेनने उचलून घोड्यावर बसवावं लागे, असं कोणी म्हटलं की चिलखतकाका हातातलं ताट खाली ठेवत. टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या मराठी मंडळींना हे ठाऊक होतं, त्यामुळे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या प्रत्येक पॉटलकला कोणीतरी मुद्दाम ते म्हणायचंच.

"ज्याला चढताच येत नाही, तो लढणार काय?" काका विचारत. "वीस-पंचवीस किलो वजन, तेही अंगभर वाटलेलं. तुमची पोरं पाठीवर बॅग घेऊन कॉलेजला जातात, त्याहून सोपं."

टेलिकॉममधून रिटायर झाल्यावर त्यांनी या घोडदळावर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. दर रविवारी सकाळी मी ते टाइप करून द्यायची. सात वर्षं हे चाललं. घोड्यांच्या उंचीबद्दल एक वाक्य लिहायचं होतं, तर काका टेप घेऊन तासभर लांबच्या, घोडे पाळणाऱ्या रँचवर गेले. "दुसऱ्याने मोजलेलं मी कसं लिहू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पुस्तक पूर्ण करू या म्हटलं, की म्हणायचे, "फक्त एक चेक करायचं राहिलंय." ते झालं की दुसरं निघे.

मागच्या वसंतात त्यांनी मध्ययुगीन लढायांचे खेळ करणाऱ्या एका हौशी ग्रुपकडून अख्खं चिलखत मागून आणलं आणि त्याच रँचवर ते घालून घोड्यावर चढायला निघाले. त्यांची मुलगी मीरा म्हणाली, "बाबा, यू आर सेव्हंटी-टू." त्यांनी ऐकलं नाही. दोनदा रिकिबीत पाय घालून ते परत खाली आले. तिसऱ्यांदा रँचच्या मालकाने आणि मी खालून ढकललं, तेव्हा कुठे ते वर बसले. चेहरा उतरलेला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला चौथं प्रकरण काढून टाकायला सांगितलं. घोडेस्वार स्वतःच्या बळावर चढत असे, हे सिद्ध करणारं, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण.

"काका, ते लोक विशीतले होते, लहानपणापासून घोड्यावर वाढलेले. तुमचा गुडघा बदललेला आहे."

"मी करून पाहिलं. जमलं नाही."

"तुमच्या गुडघ्याचा आणि चौदाव्या शतकाचा काय संबंध?" माझा आवाज चढला.

"तू टाइप कर," ते शांतपणे म्हणाले.

मी ते काढलं. त्याच्या जागी नवं प्रकरण लिहायला त्यांनी सुरुवात केली, तीन पानं झाली, आणि ऑक्टोबरात हृदयविकाराने ते गेले.

आता पुण्याचे प्रकाशक पुस्तक कधी देणार म्हणून विचारताहेत. मीरा मराठी वाचत नाही, ती म्हणते, "मावशी, तू ठरव ना." जुनी प्रत माझ्याकडे आहे. त्या प्रकरणाशिवाय पुस्तक उभं राहत नाही, आणि काकांचं चुकत होतं हे मला पक्कं माहीत आहे. आणखी चार रविवार मिळाले असते, तर मी त्यांना पटवलं असतं. ते मिळाले नाहीत याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त राग येतो. गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि त्याला न विचारता जिंकणं मला पटत नाही.

मागच्या आठवड्यात चौथं प्रकरण मी परत घातलं. खाली टीप दिली: "लेखकाला हे अखेरीस मान्य नव्हतं. त्यांनी स्वतः चिलखत घालून घोड्यावर चढून पाहिलं होतं."  मग त्याच टिपेत त्यांचं त्या दिवशीचं वय लिहिलं.