मागच्या फळीवरची निळी बॅग

आमच्या बसस्टँडवरच्या सामानघरातल्या काकांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडायचा आणि तो ते उठसूट कुठेही चिकटवायचे. अनक्लेम्ड. म्हणजे कुणी न्यायलाच न आलेलं. विसरलेली छत्री अनक्लेम्ड, हे ठीक. पण गार झालेला चहा अनक्लेम्ड, बाकाखालचं कुत्रं अनक्लेम्ड, आणि शेजारच्या चौकशीच्या खिडकीत माईक घेऊन बसणारी बिनलग्नाची मी, तीही अनक्लेम्ड! "मला न्यायला कुणी आलाच तर आधी त्याची चिठ्ठी तपासा," मी ठणकावायचे. ते पोट धरून हसायचे.

मग त्यांची मुलगी घर सोडून निघाली. बापाला न विचारता तिने परगावी नोकरी धरली होती आणि घरात भांडणाचा कहर झाला होता. बॅग घेऊन ती थेट त्यांच्याच खिडकीशी आली. "ठेवायची आहे," म्हणाली, परक्यासारखी. काकांनीही ताठ मानेने चिठ्ठी फाडली, अर्धी बॅगेला बांधली, अर्धी तिला दिली. बस लागेपर्यंत ती समोरच्या बाकावर बसून खिडकीकडे बघत होती. हे मान खाली घालून बसले. बॅग न्यायला येईल तेव्हा बोलू, असा यांचा हिशेब. ती नुसत्या पर्सनिशी बसमध्ये चढली. मला तेव्हा दोघांच्याही थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

तिने फोनचा नंबर बदलला. गाव कुठलं, हे भांडणाच्या नादात विचारायचंच राहिलं होतं. राहिली ती बॅग. काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, "बॅग आहे ना?"

"आहे."

"मग येईल ती."

सामानघरात चिठ्ठ्यांचा रंग दर काही महिन्यांनी बदलतो. जुन्या रंगाची चिठ्ठी दिसली की साहेब ते सामान लिलावात काढतात. म्हणून रंग बदलला की काका निळ्या बॅगेची चिठ्ठी सोडायचे, नव्या रंगाची, नव्या नंबरची बांधायचे आणि बॅग मागच्या फळीवर सरकवायचे. पहिली अर्धी चिठ्ठी मात्र त्यांनी खिशात जपली होती. तो इंग्रजी शब्द त्यांनी टाकूनच दिला. मी एकदा चुकून उच्चारला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बदलीवर एक बाई आल्या, कामाला चोख. बॅगेचं काका त्यांना काहीच बोलले नाहीत. नियम मोडलाय हे कुठल्या तोंडाने सांगणार?

काळा चष्मा लावून ते परतले ते आधी मागच्या फळीपाशी गेले. बॅग होती. माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले आणि चहा मागवला. तेवढ्यात बदलीच्या बाईंनी एक मळकी अर्धी चिठ्ठी पुढे केली.

"परवा एक मुलगी आली होती. हा नंबर कुठेच लागेना. निळी बॅग म्हणत होती, पण फळीवरच्या निळ्या बॅगेचा नंबर वेगळाच, ती कशी देऊ? म्हटलं, जुना रंग आहे, अनक्लेम्ड म्हणून लिलावात गेली असेल."

परवा नेमकी मी रजेवर होते. काकांनी ती चिठ्ठी ओढून घेतली. "मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणजे बाबांनी ठेवलीच नाही. चिठ्ठी इथेच टाकून गेली."

काकांनी खिशातली चिठ्ठी काढली. दोन्हींच्या फाटक्या कडा तंतोतंत जुळल्या.

"चिठ्ठी मीच बदलली हो," ते म्हणत राहिले. "बॅग लिलावात जाऊ नये म्हणून मीच बदलली." मग एकदम माझा हात घट्ट धरून म्हणाले, "तुम्ही माईकवर सांगा."

"काका, ती परवाच गेली."

"सांगा ना! तिच्या आईला मी काय सांगू घरी जाऊन?"

मी त्यांना घेऊन माझ्या खिडकीत गेले आणि माईकचं बटण दाबलं.

"सामानघरात निळी बॅग ठेवणाऱ्या मुलीने खिडकीशी यावं. तुमची बॅग जपून ठेवली आहे."

काका दोन्ही तुकडे छातीशी धरून माझ्या खांद्यावरून माईकपाशी वाकले.

"चिठ्ठी लागणार नाही," ते म्हणाले.

बाकांवरच्या लोकांनी क्षणभर वर पाहिलं आणि आपापलं सामान जवळ ओढलं.