हात मागे बांधून शिकवणारे सर

हरिश्चंद्र सरांची आणि माझी पहिली भेट गोडदेव गावात, त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. शनिवार-रविवारी सर तिथे सुऱ्या घडवायला शिकवतात. आईच्या विळीचं पातं वर्तमानपत्रात गुंडाळून मी आमच्या बेव्हर्ली पार्कहून रिक्षाने गेले होते. बाकीच्यांना सिनेमातल्यासारखे खंजीर हवे होते. मला सरांनी एवढंच विचारलं, “कापनार कोन? नि कंच्या हातानं?”

कापणार होती आई. अर्धांगवायूने तिचा उजवा हात गेला आणि तिने स्वयंपाकघरात येणंच सोडलं. “मी आता ओझं,” म्हणायची. मला ते ऐकवत नसे. उभ्याने, डाव्या हाताने दाबून डोलवली की कापेल, अशी अर्धगोल सुरी मला त्याच पात्यातून करायची होती. दुसऱ्या कुठल्या पात्याला तिने हातही लावला नसता.

सरांनी कणकेचा गोळा आणायला सांगितला, आईने डाव्या मुठीत दाबलेला. त्या ठशावरून त्यांनी सुरीची मूठ आखून दिली. करून नाही दिली. विद्यार्थ्याच्या हातातलं काम सर कधीही स्वतःकडे घेत नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहतात. मी पडले उतावळी, मला याचा राग यायचा.

मग पात्याला पाणी द्यायचा, म्हणजे तापवून झटकन निववून ते कडक करायचा, दिवस आला. म्हणतात पाणी, असतं तेल. त्या वेळी सर पंखाही बंद करायला लावतात, कारण पातं तडकलं तर बारीक आवाज होतो, तो ऐकू यायला हवा. लालबुंद पातं मी तेलात बुडवलं. आवाज आला नाही. बाहेर काढलं तर पातं वाकलेलं. पोलाद गरम आहे तोवरच ऐकतं. निवल्यावर दाबलं तर काचेसारखं तुटतं.

“सर, तुम्ही धरा ना, प्लीज.”

“मी न्हाय. फळ्यांमधी ठेवा नि दाबा.”

“तुटलं तर?”

“तुटलं तं आईला मी येऊन सांगीन. दाबा.”

दोन फळ्यांमध्ये पातं धरून मी अंगाचा सगळा भार टाकला. मान वर केली तेव्हा सरांच्या कपाळावर घाम होता, आणि पाठीमागे त्यांनी एका हाताने दुसरं मनगट आवळून धरलं होतं. माझा राग तिथेच संपला. पातं सरळ झालं होतं.

सुरी तयार झाल्यावर आई ओट्याशी उभी राहिली. पहिल्याच दाबाला काकडी निसटली. माझा हात पुढे गेला. मी तो ओढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. आईने सुरीनेच काकडी जवळ ओढली आणि जाड, वेड्यावाकड्या चकत्या केल्या. मग म्हणाली, “मिठाचा डबा कुठे हलवलास गं? माझ्या जागा बदलत जाऊ नकोस.” मला रडू आवरेना.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त आम्ही विद्यार्थी समारंभ करतो आहोत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या शेडमध्ये पंखा असाच वरचेवर बंद होत राहो. समारंभाच्या दिवशी सरांच्या पानात जी कोशिंबीर असेल, ती आई चिरणार आहे. मी हात लावणार नाही.