गेल्या वर्षीची टाळी

टीव्हीवर जी बाई टाळ्या वाजवत होती, तीच बाई माझ्या काउंटरपुढे उभी होती. मी चित्र थांबवलं. पडद्यावर तिचे दोन्ही हात वर होते. समोर मात्र तिचा उजवा हात पदराखाली होता. तिनं तो बाहेर काढला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. मधली तीन बोटं ताठ होती, कातडी गुलाबी आणि चकचकीत. भाजून बरी झालेली कातडी तशी दिसते.

“ही मीच हाय,” ती म्हणाली. “पण हा हात आताचा नाय. तुमी कुठून आणला?”

मला उत्तर माहीत होतं.

बोईसरला नवापूर रस्त्यावर माझा व्हिडिओ शूटिंगचा गाळा होता. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. लग्नं, साखरपुडे, बारशी ही नेहमीची कामं. शिवाय तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांची स्नेहसंमेलनं. ती कामं चांगली, कारण एकदा कारखाना धरला की दर वर्षी बोलावणं येतं. धुण्याची पावडर पिशव्यांत भरणाऱ्या एका कारखान्याचं काम मी सलग चार वर्षं करत होतो. काउंटरपुढची बाई त्याच कारखान्यातली. कुंदा राऊत तिचं नाव. पालघरकडच्या माहीमहून एसटीनं स्टेशन, तिथून गाडीनं बोईसर, असं रोज येऊन बारा वर्षं तिनं पॅकिंगला काम केलं होतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथं सांगायला हवी. माझ्याकडे कॅमेरा एकच होता. एका कॅमेऱ्यानं स्टेज आणि प्रेक्षक एकाच वेळी घेता येत नाहीत. म्हणून आम्ही कार्यक्रमातली दहा मिनिटं बाजूला काढून फक्त प्रेक्षकांचे चेहरे घ्यायचो. हसणारे, टाळ्या वाजवणारे, पोराला मांडीवर घेतलेले. नंतर एडिटिंगला बसलं की ते चेहरे स्टेजवरच्या चित्राच्या मध्ये मध्ये टाकायचे. आवाज स्टेजचाच चालू ठेवायचा, चित्र फक्त बदलायचं. याला कटअवे म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं आत्ता, याच वाक्याला हसली. खरं तर ती वीस मिनिटांपूर्वी लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसला हसलेली असतात. सगळेच करतात. मीही करायचो आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

त्या वर्षीच्या जानेवारीतल्या संमेलनाला मुंबईहून एक विनोदी एकपात्री करणारा बोलावला होता. कारखान्याच्या शेठच्या ओळखीतला. शेठ तेव्हा परदेशात होते, त्यांना नंतर कॅसेट बघायची होती. तासाभराचा कार्यक्रम पूर्ण शूट करायचा, काही कापायचं नाही, असं पर्सोनेल मॅनेजर दाते साहेबांनी मला बजावलं होतं.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग त्या माणसानं इथल्या लोकांच्या बोलण्याची नक्कल सुरू केली. प्रत्येक वाक्याला ‘हाय’ आणि ‘नाय’ लावून तो हेल काढत होता. समोर बसलेली निम्मी माणसं तसंच बोलणारी. कुणी हसलं नाही. तो आणखी जोर लावू लागला. घाम पुसू लागला. मी डोळा कॅमेऱ्याला लावून होतो, मला फक्त तो दिसत होता. मग त्यानं पुढच्या रांगेत कुणाकडे तरी बोट दाखवलं.

“बाई, बाकीचे का गप्प आहेत ते कळत नाही. पण तुमचं बरोबर आहे. एका हातानं टाळी वाजत नाही.”

माझ्या हेडफोनमध्ये यानंतर जवळजवळ वीस सेकंद मांडवातल्या पंख्यांचा आवाज रेकॉर्ड झाला. दुसरं काही नाही. मग मागे खुर्च्या सरकल्या. माणसं उठून जात होती. मी कॅमेरा तिकडे वळवू लागलो, तर दाते साहेबांनी लांबूनच हात हलवून नको म्हटलं. मी वळवला नाही. बोट कुणाकडे केलं होतं, हेही पाहिलं नाही.

ते कुंदाबाईंकडे केलं होतं. संमेलनाच्या दोन महिने आधी पिशव्या सील करणाऱ्या मशीनच्या तापलेल्या पट्ट्यांत त्यांचा हात सापडला होता. मशीनला संरक्षणाची जाळी असते. काम भरभर व्हावं म्हणून ती काढून ठेवली होती. पॅकिंगमधल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. हाताला पट्टी बांधून त्या संमेलनाला आल्या, कारण त्यांच्या लायनीतल्या बायकांनी आग्रह केला होता. घरात बसून काय करणार, चल, म्हणून.

हे सगळं मला त्या दिवशी काउंटरवर कळलं. जानेवारीत मला एवढंच कळलं होतं की कार्यक्रम पडला.

एडिटिंगच्या वेळी दाते स्वतः गाळ्यात येऊन बसले. स्टेजवरचा माणूस बोलतोय आणि पुढे शांतता, असं तासभर पाहून त्यांचा चेहरा उतरला. “सावे, हे शेठना कसं दाखवू? माणसं मयताला बसल्यासारखी बसलीत.”

मी म्हटलं, माझ्याकडे यंदाचे हसणारे चेहरेच नाहीत.

“गेल्या वर्षीचे असतील ना? माणसं तीच, मांडव तोच. टाका.”

मी टाकले. हसण्याचा आवाजसुद्धा गेल्या वर्षीचा घेतला. एडिटिंगचा साधा नियम असतो, जिथे शांतता सगळ्यात लांब, तिथे सगळ्यात जोरदार शॉट लावायचा. वीस सेकंदांची ती जागा भरायला मी एक बाई निवडली. दुसऱ्या रांगेत बसलेली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवणारी. तिच्या लायनीतल्या बायकांनी गेल्या वर्षी नाच केला होता, त्याला ती टाळ्या वाजवत होती. ती कोण, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंही नाही.

आता मे महिना होता. कंपनीच्या डॉक्टरनं कुंदाबाईंना फिट ठरवलं होतं. त्यांना परत त्याच मशीनवर उभं केलं. बोटं वळत नाहीत, पिशवी धरता येत नाही, म्हणून त्यांनी दुसरं काम मागितलं. दुसरं काम मिळालं नाही, चार्जशीट मिळाली. कामचुकारपणा आणि दुखापतीचं ढोंग. मग कारखान्यातच इन्क्वायरी सुरू झाली आणि पहिल्याच तारखेला दात्यांनी टीव्ही आणून ही कॅसेट लावली. त्यांचं म्हणणं असं, की पट्टी दिखाव्याची होती. कलाकारानं गंमत केली, बाई ढोंग विसरल्या आणि पट्टी सोडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून मोकळ्या झाल्या.

कॅसेटवर माझ्या गाळ्याचं नाव होतं. ते वाचून, युनियननं मागून घेतलेली कॉपी घेऊन त्या शोधत आल्या होत्या. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “माझी सासू पन बोलली, टीवीवर दिसतं ते खोटं कसं असल.”

मला खरं तर आधी स्वतःचा राग यायला हवा होता. आला दात्यांचा. कारण मला माहीत नव्हतं, पण त्यांना माहीत होतं. तो शॉट माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी पास केला होता.

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेलो. गेटवरचा वॉचमन उत्तरेकडचा, मला चार वर्षं ओळखणारा. वहीत नाव लिहिताना तो हळूच म्हणाला, “भाईसाब, उस दिन तो कोई नहीं हँसा था. कैसेट में सब हँस रहे हैं.” त्याच्याकडून कळलं, की फेब्रुवारीत कॅसेट कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत लावली होती. आपण ज्याच्यावरून उठून गेलो, त्यालाच आपण हसतोय हे लोकांनी पाहिलं. पॅकिंगच्या बायका अर्धं जेवण टाकून बाहेर गेल्या. एकानं टीव्हीचा प्लग उपटला, त्याला मेमो मिळाला. माझ्या कामाची ही पावती मला चार महिन्यांनी मिळत होती.

दाते साहेबांनी मला चहा मागवला. मी म्हटलं, साहेब, तो शॉट गेल्या वर्षीचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

“कॅसेटवर काय लिहिलंय, सावे?”

कॅसेटवर यंदाचं साल लिहिलं होतं. लेबल माझ्याच हातचं.

“मग झालं तर. मी तर लेबल वाचलं.” मग ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. एमआयडीसीतले सगळे पर्सोनेल मॅनेजर एकमेकांना ओळखतात. एका बाईसाठी स्वतःला खोटारडा ठरवून घेणारा शूटिंगवाला कोण बोलावेल? आणि गेल्या वर्षीची तयार कॅसेट त्यांच्याकडे होती, ती आता सापडत नाही. चहा आला. मी तो तसाच ठेवला आणि निघालो. गेटपर्यंत चालताना एक गोष्ट लक्षात आली. मला खोटारडा ठरवायची त्यांना गरजच नव्हती. ते काम मी आधीच करून दिलं होतं.

आता उरली होती गेल्या वर्षीची रॉ टेप, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ, न कापलेली टेप. पण टेपा महाग. लग्नसराई आली की आम्ही जुन्या रॉ टेपांवरच नवीन लग्नं घ्यायचो. जानेवारीत ती टेप माझ्या हातात होती. मधे चाळीसेक लग्नं झाली होती. मी घरी आलो आणि माळ्यावरचे खोके उतरवायला लागलो.

माझी बायको विद्या गाळ्याचं रजिस्टर सांभाळायची. काय शोधतोयस, म्हणून तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. कॅसेटमध्ये मी काय केलं होतं तेही. मग कपाटातून साड्यांच्या मागून एक टेप काढून तिनं माझ्या हातात दिली. त्या टेपेच्या उरलेल्या भागात मी तिच्या बहिणीचा साखरपुडा घेतला होता, म्हणून तिनं ती मार्चमध्येच माझ्या हाताला लागू नये अशी ठेवली होती.

“उद्या सांगायला जाशील, तेव्हा ‘दात्यांनी करायला लावलं’ एवढंच सांगू नकोस,” ती म्हणाली. “तू केलंस तेही सांग.”

इन्क्वायरी घेणारे वकील ठाण्याहून यायचे. कंपनीनंच नेमलेले, पण ऐकून घेणारे गृहस्थ. कुंदाबाईंच्या बाजूनं युनियनचा एक माणूस होता, त्यानं मला साक्षीदार म्हणून उभं केलं. मी टेप लावली. कटअवेसाठी मी एडिटिंगमध्ये शॉटचा फक्त शेवटचा तुकडा वापरला होता. मूळ शॉट लांब होता. कॅमेरा न थांबता स्टेजवरून प्रेक्षकांकडे वळला होता. स्टेजवर पॅकिंगच्या बायका नाचत होत्या आणि मागच्या पडद्यावर थर्माकोलच्या अक्षरांत कारखान्याचं नाव आणि गेल्या वर्षाचं साल. तिथून कॅमेरा सावकाश वळतो, पहिली रांग, दुसरी रांग आणि टाळ्या वाजवणाऱ्या कुंदाबाई.

वकिलांनी तो शॉट तीनदा पाहिला. मग दात्यांची कॅसेट पुन्हा लावून त्यातला तुकडा पाहिला. तीच साडी, शेजारी तीच बाई.

“म्हणजे तुम्ही खोटी कॅसेट तयार केलीत,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. दाते साहेबांनी सांगितलं आणि मी केलं.

“या कॅसेटमध्ये खरं किती आहे मग?”

“स्टेजवरचं बोलणं खरं आहे,” मी म्हटलं. “हसणं एकही खरं नाही.”

दात्यांनी उठून सांगितलं, की एडिटिंग ही तांत्रिक बाब आहे, त्यात आपण लक्ष घातलं नव्हतं. वकिलांनी ते लिहून घेतलं. माझं म्हणणंही लिहून घेतलं. मग त्यांनी कुंदाबाईंना टेबलावरचा पेन उजव्या हातानं उचलायला सांगितला. त्यांनी तो अंगठा आणि करंगळीत धरून उचलला, क्षणभर धरला आणि तो पडला. खोलीत कुणी काही बोललं नाही. ती शांतता मी आधी एकदा ऐकली होती आणि तेव्हा ती झाकून टाकली होती.

तीन आठवड्यांनी निकाल आला. आरोप सिद्ध होत नाहीत. कुंदाबाईंना स्टोअरमध्ये, मालाच्या नोंदी तपासायचं काम मिळालं. डाव्या हातानं लिहायला त्या शिकल्या. सीलिंग मशीनला जाळी परत बसली. दाते साहेबांना काही झालं नाही, वर्षभरात ते कंपनीच्या गुजरातेतल्या मोठ्या कारखान्यावर वरच्या जागी गेले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र खरी ठरली. पुढच्या जानेवारीत मला एमआयडीसीतून एकही बोलावणं आलं नाही.

निकालानंतर कुंदाबाई एकदा गाळ्यावर आल्या होत्या. आभार मानायला आल्या असतील असं मला वाटलं. तसं वाटून घेतलं याची अजून लाज वाटते.

“तुमी खरं सांगितलं ते बरं केलं,” त्या म्हणाल्या. “पन दादा, आदी खोटं केलं नसतं, तर सांगायलाच लागलं नसतं.”

एवढंच बोलून त्या गाडीच्या वेळेला निघून गेल्या.

तेव्हापासून मी रॉ टेपवर तारीख घालतो आणि दोन वर्षं ती पुसत नाही. प्रेक्षकांचे चेहरे टाकतो ते त्याच कार्यक्रमातले. लोक हसले नाहीत, तर हसले नाहीत असं दाखवतो. नव्यानं धंद्यात येणाऱ्यांना मी हेच सांगतो, पण यानं काम वाढेल असं सांगत नाही. दोन वर्षांनी पालघरच्या एका मंडळानं विनोदी कार्यक्रमाच्या शूटिंगसाठी मला विचारलं. मी माझा नियम सांगितला. त्यांनी दुसऱ्याला काम दिलं. त्याची कॅसेट नंतर माझ्या पाहण्यात आली. माणसं पोट धरून हसत होती, आणि निम्म्यांच्या अंगात स्वेटर होते. कार्यक्रम एप्रिलमधला होता.